हत्ती वळेपर्यंत

"ते स्टूल माझ्या आईचं," दातांची डॉक्टर पाहुण्यांना सांगत होती, आणि थापाड्याचा चहाचा कप ओठांपाशी जाता जाता अडला. कारण ते स्टूल तिच्या आईचं नव्हतं. जुन्या बाजारात, एक पातं नसलेला पंखा आणि एक डोळा नसलेली बाहुली यांच्या मधून ते त्याने स्वतः उपसून काढलं होतं, पॉलिश पेपरने घासलं होतं, आणि डॉक्टरणीच्या नव्या घरात उंच खिडकीखाली ठेवताना सोबत एक गोष्टही ठेवली होती. एक बुटकी आई असते. ती स्टुलावर चढून खिडकीबाहेर बघते आणि खाली अंथरुणात तापाने फणफणलेल्या पोराला सांगते, रस्त्यावर काय काय चाललंय ते. "तुमच्या आई उंचीने कशा होत्या हो?" "बेताच्याच." "मग झालं तर." एवढ्यावर ते मिटलं होतं. आणि आज, घर लावून झाल्याच्या चहाला, तीच गोष्ट डॉक्टरणीच्या तोंडून, ओल्या डोळ्यांनी, चारचौघांत. इथपर्यंत त्याला काही वाटलं नसतं. आपलं पोर दुसऱ्याच्या अंगणात खेळताना बघावं तसं त्याने कौतुकाने बघितलं असतं. पण डॉक्टर पुढे म्हणाली, "ती एका पायावर उभी राहायची, आणि दुसऱ्या पायाचा अंगठा भिंतीला टेकवून ठेवायची. तोल जाऊ नये म्हणून. मी पडल्या पडल्या त्या अंगठ्याकडेच बघत असायचे." कुणीतरी 'अरेरे' आणि 'वा' यांच्या मधला एक आवाज काढला. थापाड्याने मात्र कप तसाच खाली ठेवला. अंगठ्याचं आपण सांगितलं नव्हतं. की सांगितलं होतं? त्याला तो अंगठा या क्षणी लख्ख दिसत होता, नखाच्या कडेला भिंतीचा चुना लागलेला. तो आपल्या आईचा अंगठा होता. निदान आत्तापर्यंत असावा.

थापाड्या हे नाव ताईने ठेवलेलं. तो बोबडं बोलत होता तेव्हापासूनचं. मोरीत मगर आहे, असं त्याने पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा सगळे हसले होते आणि ताई मोरीत जाऊन बघून आली होती. पुढे ती गणिताची मास्तरीण झाली यात नवल नाही. तो मोठा होऊन लोकांची घरं आतून सजवून देण्याच्या धंद्यात पडला, कुणाची नोकरी न धरता, एकटा, तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे आता थापांना पडदे लावणार." त्यावर तोही हसला होता. कारण तो करायचा ते जवळपास तेच होतं. फक्त त्याची रीत निराळी होती, आणि त्या रीतीमुळेच लोक त्याला शोधत यायचे. पहिल्या दिवशी तो माप घेत नसे. रंगांची पुस्तकं दाखवत नसे. गिऱ्हाइकाला रिकाम्या खोलीत न्यायचा, दार लोटायचा आणि म्हणायचा, "बसा. कुठेही. जमिनीवर." मोठमोठी माणसं मग मांजरासारखी दोन घिरट्या घालून कुठेतरी टेकायची. तो खिशातून खडू काढून त्यांच्याभोवती रेघ ओढायचा. घरातली मुख्य खुर्ची तिथे. बाकीच्या घराने त्या खुर्चीला विचारून उभं राहायचं. मग तो स्वतः समोर बसायचा आणि म्हणायचा, "आता लहानपणची एक खोली सांगा." एका बँकेतल्या साहेबाने जिन्याखालची अडगळ सांगितली, जिथे तो वडिलांचा मार चुकवून बसायचा. थापाड्याने त्याच्या लखलखीत घरात एक जिन्याखालचा कोनाडा केला, पडदा लावून, आणि साहेब आता रविवारी त्यात बसून पेपर वाचतो म्हणे. पण सगळ्यांकडे खोली नसते. काहींचं लहानपण वसतिगृहात गेलेलं, काहींचं बदल्यांमध्ये, काही नुसतेच विसरलेले. "सर, माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही," म्हणत ती माणसं खडूच्या रेघेत अशी बसायची, की जणू रेघ पुसली तर तीही पुसली जातील. अशांना तो उसनं द्यायचा. एखादी वस्तू, आणि तिच्या पोटात एक गोष्ट. बघता बघता ती त्यांची होऊन जायची. यात वाईट काय? रोपाला काठी लागते. रोप वाढलं की काठी कुणी मोजत नाही.

डॉक्टरणीच्या घरातून तो बाहेर पडला तेव्हा रस्त्यावर दुपार नुसती पडून होती. एका दुकानाच्या काचेत त्याला आपलं प्रतिबिंब दिसलं आणि त्याने नकळत एक पाय उचलून त्याचा अंगठा काचेच्या खालच्या चौकटीला टेकवून पाहिला. आतला दुकानदार बघत राहिला. बुटात अंगठा कळतच नव्हता. घरी आला तर दारात ताई उभी, हातात पर्स घट्ट धरलेली, म्हणजे भांडायच्या तयारीत. "किल्ली एक माझ्याकडे असती तर अर्धा तास जिन्यात ताटकळले नसते," ती म्हणाली, आणि आत येऊन नेहमीसारखी थबकली. थापाड्याच्या घरात एक पलंग, एक घडीचं टेबल आणि भिंतीकडे तोंड केलेली एक खुर्ची होती. दुसरी खोली तर रिकामीच. "अख्ख्या जगाची घरं सजवतोस आणि इथे दिव्याखाली अंधार," ताई म्हणाली. "बरं झालं. जागा तरी आहे. आईला इथे आणायचंय."

आईचं त्याला माहीत नव्हतं असं नाही. आई ताईकडे असायची, तिची नजर गेली होती, आणि नजरेपाठोपाठ तिचं काहीतरी दुसरंही जायला लागलं होतं. ताईच्या घरात ती पलंगाच्या कडेवर, उठून जायच्या तयारीत बसल्यासारखी दिवसभर बसायची, दोन्ही हात मांडीवर, आणि पावलाचा आवाज आला की परक्या माणसाशी बोलावं तसं विचारायची, "बाई, हे कुणाचं घर आहे?" हात धरल्याशिवाय पाऊल टाकत नसे. हात धरला तर थरथरायची. "मला माझ्या खोलीत ने, म्हणते," ताई सांगत होती. "कुठली खोली विचारलं तर म्हणते, छापखान्यामागची. तो छापखाना पाडून जमाना झाला. थापाड्या, मी रविवारी जातेय. लेकीचं ऑपरेशन आहे, समुद्रापलीकडे आहे ती, परत केव्हा येईन सांगता येत नाही. वृद्धनिवासात एक खाट धरून ठेवलीय. रविवारपर्यंत हो-नाही सांगायचंय त्यांना. तिथे आठ-आठ खाटा एका ओळीत. तिथे ती 'कुणाचं घर' असं विचारणारसुद्धा नाही, ते घरच नाही हे तिला कळेल." ताईने पर्सची चेन उघडली, परत लावली. "लोकांना त्यांची खोली करून देतोस ना? आपल्या आईला तिची करून दे. तिला तिथे हात न धरता चालता आलं, तर ठेव. नाही आलं, तर मी खाटेला हो म्हणते. आणि हे बघ, तिच्याशी थापा नकोत."

त्याला ते सोपं वाटलं. ती खोली तर त्याच्या हाताशी होती. सांध्यांच्या तापाने तो एक अख्खा हिवाळा तिथे अंथरुणात होता. ताई शाळेत, वडील पुढे छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवत, आणि खोलीत फक्त तो आणि आई. त्याने रिकाम्या खोलीत खडू घेतला आणि गुडघ्यांवर बसला. दार इथे. पलंग इथे. खिडकी... खडू थांबला. खिडकी डावीकडे होती. पण डावीकडची खिडकी तर त्याने डॉक्टरणीला दिली होती. मग समोर? समोरची, निळ्या झडपांची, एका नव्या जोडप्याच्या घरात गेली. नवरा दाराकडे तोंड करून बसला होता, बायको पाठ करून, आणि त्या दोघांना एकाच दिशेला बघायला लावणारी एक खिडकी हवी होती. पलंगाच्या पायथ्याची पत्र्याची पेटी एका म्हाताऱ्या वकिलाला. इस्त्रीच्या गरम कपड्याचा वास, तो एका विधुराला, ज्याच्या कपाटात थापाड्याने मुद्दाम जुनी लोखंडी इस्त्री ठेवली होती. खडूने काढायचा आणि तळव्याने पुसायचा, असं करता करता फरशी पांढुरकी झाली, आणि त्या धुरकट पांढऱ्यात सगळ्या खिडक्या एकावर एक आल्या. नाकात खडू गेला. त्याला शिंक येईना आणि श्वासही येईना. निव्वळ खोटं वाटलं असतं तर परवडलं असतं, त्याच्या मनात आलं, खोट्याला कधी तोटा नसतो. पण थाप भिंतीवर टिकायची तर आत एक खरा खिळा लागतो. प्रत्येक वेळी तो खिळा आपण त्या एकाच खोलीतून उपटून आणला. एकेक. इतकी वर्षं. आणि आता ती खोली कुठे आहे म्हणून बघायला गेलो, तर ती कोसळलेली. तिला कोसळून किती काळ झाला तेही आपल्याला माहीत नाही. काखेत कळसा म्हणतात, तर काखच राहिली नव्हती.

त्याने ताईला फोन केला. "खिडकी कुठल्या बाजूला होती गं?" मग ताई म्हणाली, "कुठली खिडकी?" "खोलीची. आई स्टुलावर चढून बघायची ती." "त्या खोलीला खिडकी नव्हती, थापाड्या. वर एक झरोका होता. हातभर. त्यातून छापखान्याची भिंत दिसायची. विटा." "पण ती मला सांगायची, रस्त्यावर काय चाललंय ते. सर्कस आली होती, सगळ्यात पुढे हत्ती. बँडवाले. एक माणूस आरसा घेऊन चालला होता, एवढा मोठा की—" "रस्ता पुढच्या अंगाला होता," ताई म्हणाली, भागाकार फळ्यावर सोडवून दाखवावा तशी. "मागून दिसणं शक्यच नाही. तुला ताप होता." फोन ठेवून त्याने तळहातावरचा खडू पँटला पुसला. मगर मोरीत नसते हे त्याला कळत होतं. ती त्याची स्वतःची होती. पण हत्ती? हत्ती त्याने कधी थाप म्हणून मोजला नव्हता. त्याच्या सगळ्या थापांच्या खाली तो एकटा खरा उभा होता.

मग त्याला स्टूल हवंसं झालं. कशासाठी ते सांगता आलं नसतं. एवढं एक लाकूड तरी आईच्या हाताला ओळखीचं लागेल, असं काहीसं. तसंच दुसरं शोधायला तो जुन्या बाजारात हिंडला. खुर्च्या होत्या, पाट होते, तिवया होत्या, तसलं स्टूल नव्हतं. शेवटी तो डॉक्टरणीच्या दवाखान्यात गेला. ती एका दातदुख्या माणसाला तोंड उघडं ठेवायला सांगून बाहेर आली. "स्टूल? थोड्या दिवसांसाठी? नाही सर." तिने मास्क हनुवटीखाली ओढला. "दुसरं काहीही मागा." "डॉक्टर, ते स्टूल कुठून आलं ते..." "तुम्ही बाजारातून आणलंत. मला काय खुळी समजता? पायाला खाली दुकानाचा शिक्का आहे, पहिल्याच दिवशी बघितला." "मग?" "मग काय? आता त्यावर माझी आई उभी आहे. तिला खाली कशी उतरवू?" आतून उघड्या तोंडाच्या माणसाने एक करुण स्वर काढला. थापाड्याला विचारायचं नव्हतं, पण विचारलं गेलं. "आणि अंगठा? तो मी सांगितला होता का?" डॉक्टर चमकली. मग हसली, पण मऊ. "तुम्ही कसा सांगाल? तुम्ही स्टूल ठेवून गेलात. मी संध्याकाळी त्याच्याकडे बघत बसले आणि अंगठा दिसला. माझ्या आईचा चेहरासुद्धा मला नीट आठवत नाही, सर. अंगठा दिसला." तो जिना उतरला. म्हणजे चुन्याचा अंगठा आपला नव्हता. तिने तो सांगितला आणि आपण तिथल्या तिथे, चहाच्या कपावरून, उचलून खिशात घातला. आयुष्यभर उसनं देणारा माणूस पहिल्यांदाच उसनं घेऊन चालला होता, आणि आईच्या खोलीत ठेवायला त्याच्याकडे तेवढंच होतं: दुसऱ्याच्या आईचा एक अंगठा.

शुक्रवारी आईला आणलं. त्याने खोली केली होती, जशी जमली तशी: लोखंडी पलंग, पायथ्याशी पत्र्याची पेटी, भिंतीला टिकटिकणारं घड्याळ, गरम इस्त्री फिरवलेली चादर, वास निवू नये म्हणून ऐन वेळी अंथरलेली. ताईने आईला दारात सोडलं. आईने हात पुढे केला, पेटीला लावला, पलंगाच्या दांडीला लावला, वाकून चादरीचा वास घेतला. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं आणि थापाड्या पुढे झाला. ते सौजन्य होतं. "छान केलंय हो," आई म्हणाली. "फारच छान. बाई, हे कुणाचं घर आहे?" आणि ती पलंगाच्या कडेवर बसली, दोन्ही हात मांडीवर ठेवून, उठून जायच्या तयारीत. शनिवारभर ती तशीच बसली. त्याने पलंग हलवून पाहिला, घड्याळ बंद केलं, चालू केलं. संध्याकाळी ताई येऊन दारातूनच बघून गेली. मास्तरणीला पोराचा पेपर कोरा दिसतो तेव्हा ती बोलत नाही.

रविवारी दुपारी ताई बॅग घेऊन आली आणि दाराशीच उभी राहिली. आत थापाड्या सामान बाहेर ओढत होता. पेटी गेली, घड्याळ गेलं, पलंगसुद्धा त्याने खडखडत बाहेरच्या खोलीत ढकलला. उरली भिंतीकडे तोंड करणारी ती एक खुर्ची. तिच्यावर त्याने आईला बसवलं आणि स्वतः दोन पावलांवर उभा राहिला. हातात सवयीने खडू होता, पण आईला जमिनीवर बसा कसं म्हणायचं? "आई, एक खोली सांग ना," तो म्हणाला. "कुठलीही." आईने मान वळवली. खोलीकडे नाही, त्याच्या आवाजाकडे. "तू कुठे आहेस?" "हा इथे." "उभा का? खाली ये. खाली, अंथरुणात. ताप आहे ना तुला?" तो खाली बसला. "अजून खाली." तो फरशीवर आडवा झाला, म्हातारा होत चाललेला माणूस, पाठीला गार फरशी, शर्टाला खडू. "हां," आई म्हणाली. "आता झरोका वर गेला." इतकी वर्षं तो लोकांना विचारत आला होता, तुम्ही कुठे बसता, आणि या बाईच्या खोलीचा खिळा, ज्यावर बाकी सगळं टांगलेलं होतं, तो म्हणजे तो स्वतः होता, पडलेला. त्याच्या तोंडून, ताप असल्यासारखं, ते जुनं वाक्य आलं. "आई, काय दिसतंय?" आईने तोंड उघडलं. ओठ हलले. "काहीच दिसत नाही रे," ती म्हणाली, आणि तिचे हात खुर्चीच्या कडा शोधायला लागले.

"सर्कस आलीय," थापाड्या म्हणाला. दारात ताईने मान उचलली. "हत्ती आहे का?" आईने विचारलं. "आहे. सगळ्यात पुढे." "कुठून येतोय?" "उजवीकडून." "चूक!" आई कडाडली, आणि तो आवाज त्याने फार दिवसांत ऐकला नव्हता. "उजवीकडे छापखाना नाही का? भिंतीतून येईल हत्ती? डावीकडून." "डावीकडून," तो म्हणाला, "डावीकडून येतोय. हळूहळू. कान मोठे. पाठीवर लाल झूल." "फाटलेली." "कोपऱ्यावर फाटलेली. माहुत जांभया देतोय." आई उठली. कुणाचा हात न धरता. ती त्या रिकाम्या खोलीतून भिंतीपर्यंत सरळ चालत गेली, घरात चालावं तशी, आणि तळहात भिंतीवर ठेवून उभी राहिली. त्याने फरशीवरून तिच्या पावलांकडे पाहिलं. दोन्ही पावलं सपाट जमिनीवर होती, घट्ट, रुंद. अंगठा डॉक्टरणीच्याच आईचा. त्याला हलकं वाटलं आणि तेवढ्यात घशात खडू अडकला, तो खोकला, आणि बोलणं तुटलं. आईचा हात भिंतीवरून सुटला. बोटं हवेत राहिली. "बाई," ती अगदी सौजन्याने म्हणाली, "हे कुणाचं घर आहे?"

"हत्तीच्या मागे बँडवाले," त्याने घाईने उचललं, "पितळेचा मोठा भोंगा, त्यात एक पोर डोकं घालून—" बोटं पुन्हा भिंतीला लागली. त्याला ते कळलं, जसं उतारावर गाडीचा ब्रेक गेल्याचं कळतं. खोली होती. ती झाली होती. आणि तो बोलतोय तोवरच होती. पेटी नको, घड्याळ नको. बोलणारा हवा, इथे, खाली, उद्या, परवा. खिशात फोन थरथरत होता, कुणा गिऱ्हाइकाला आपली रिकामी खोली दाखवायची असणार. "थापाड्या," ताई हलक्या आवाजात म्हणाली, "गाडी आलीय खाली. निवासवाल्यांना काय सांगू?" तो तिच्याशी बोलू शकत नव्हता, बोलला असता तर बँड थांबला असता. बोलता बोलताच त्याने पडल्या पडल्या हात वर केला आणि पंजा हलवला. नको. मग परत हलवला, तिला नीट दिसावा म्हणून. ताई त्या पंजाकडे बघत राहिली. त्याचा घसा चिरत चालला होता, शब्द कोरडे येत होते, बँडवाल्यांचे कपडे कुठल्या रंगाचे ते त्याला सुचेना. त्याने ओठ मिटले, गिळायला काही नव्हतं, आणि भिंतीवरचा हात सैल पडू लागला.

"हत्ती आता कोपऱ्यावर वळला," कुणीतरी म्हणालं.

ताई होती. बॅग खाली ठेवलेली, पाठ ताठ, चेहरा वर्गात असावा तसा. आईने मान कलती केली. "कुठल्या बाजूला?" ताईने ते मनात मांडून बघितलं असावं. "डावीकडून आला," ती म्हणाली, "उजवीकडे छापखाना. म्हणजे पुढे वाट नाही. आल्या वाटेनेच मागे वळणार." "बरोबर," आई समाधानाने म्हणाली. "मास्तरीण नीट बघते." थापाड्या सरपटत उठला, बाहेरच्या खोलीत जाऊन तांब्याच तोंडाला लावला, आणि आतून ताईचा आवाज येत राहिला, सपाट, एकेक शब्द तोलून: हत्तीचा मागचा पाय, शेपूट, मग धूळ. आयुष्यात ती पहिल्यांदाच खोटं बोलत होती आणि त्यातही हातचा विसरत नव्हती. खाली गाडीने हॉर्न दिला. पुन्हा दिला. तो तांब्या हातात घेऊनच परतला आणि फरशीवर आडवा झाला, तेव्हा ताईने बॅग उचलली होती. तिने आईच्या खांद्याला हात लावला नाही, लावला असता तर आई खोलीतून बाहेर पडली असती. तिने फक्त त्याच्याकडे पाहिलं, मग रिकाम्या तांब्याकडे, आणि ती गेली. जिन्यात तिची पावलं बराच वेळ ऐकू येत होती. मग दार लागल्याचा आवाज, मग गाडीचा.

आईचा तळहात भिंतीवर होता. ती वाट बघत होती.

"आणि धूळ खाली बसली," थापाड्या म्हणाला, "आणि हत्तीच्या मागे," आणि हत्तीच्या मागे काय आहे ते त्याला अजून दिसलेलं नव्हतं.